धाकटीची स्कूटर

धाकटीने स्कूटर घेतली त्या दिवशी मला ताप आला. ह्यांनी थर्मामीटर लावून बघितला, त्यात काही निघालं नाही. थर्मामीटर बिघडलाय, असं मी म्हटलं. "काहीतरी बिघडलंय खरं," असं म्हणून हे गोदामात ड्यूटीला निघून गेले.

धाकटी म्हणजे माझी पाठची बहीण. तिला या देशात आणली मी. कागदपत्रं मी केली, विमानतळावर घ्यायला मी गेले, बाहेरच्या खोलीतला सोफा तिला झोपायला मी दिला आणि माझ्या मालकिणीकडे शब्द टाकून कामालाही मीच लावली. हे सगळं मी कुणाला बोलून दाखवत नाही. आता विषय निघाला म्हणून सांगितलं.

आमचं दुकान शिवणाचं. वर रस्त्याच्या बाजूला काच, काचेच्या आत मालकीण, मोठा आरसा आणि गिऱ्हाइकं. खाली तळघरात आम्ही. तिथे एक लांबलचक टेबल आहे, त्यावर मी कापड बेतते. मशिनवर दोघंजण बसतात, आणि कोपऱ्यातल्या दिव्याखाली धाकटी काजं करायची, बटणं लावायची. तळघराला छताजवळ एक झरोका आहे, त्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे बूट दिसतात. इतकी वर्षं मी या गावाचे बूटच बघत आले आहे.

स्कूटरचं वेड मूळचं माझं. तिकडे घरी असताना आईची स्कूटर मी चालवायचे, कारण शिवून झालेले कपडे पोचवायला आई मलाच पाठवायची. धाकटीला चालवायला शिकवली तीही मी, मागून सीट धरून पळत पळत. "बसलीस नीट?" असं विचारून तिचं हो आल्याशिवाय मी तिला गाडी हलवू द्यायचे नाही. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी मी शोरूममध्ये जाऊन आले, आणि मग दरवर्षी जात राहिले. तिथला विक्रेता मला ओळखायला लागला होता. मी दिसले की तो त्या पांढऱ्या स्कूटरवरची धूळ झटकायला घ्यायचा. मी तिच्यावर बसायचे, दोन्ही हात हँडलवर ठेवायचे, आरशात बघायचे आणि घरी येऊन हिशोब मांडायचे.

कारण परदेशात स्कूटर नुसती विकत घेऊन भागत नाही. आपल्याकडचं लायसन्स इथे कुणी विचारत नाही. आधी क्लास, मग त्यांच्या भाषेतली लेखी परीक्षा, मग साहेबासमोर चालवून दाखवायची. मग विमा, तोही बाहेरून आलेल्या माणसाला जरा चढाच. मग नंबरप्लेट, वर्षाची तपासणी, बिल्डिंगच्या मागे गाडी उभी करायच्या जागेचं भाडं, एक रेनकोट, एक हेल्मेट. गाडीपेक्षा गाडीच्या आजूबाजूचंच जड. बेरीज झाली की मी पेन खाली ठेवायचे आणि म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. हे मला चिडवायचे, "स्कूटर तू बेततेस छान, शिवत मात्र नाहीस."

मग मालकिणीने नवीन काम काढलं. ऑफिसं, हॉटेलं, मोठी घरं, जिथे लोकांना दुकानात यायला सवड नसते तिथे आपणच माप घ्यायला जायचं. तिने पहिल्यांदा मला विचारलं. पगार वाढणार होता, पण पगाराचं एवढं नाही. दिवसाउजेडी बाहेर पडायचं, माणसांचे चेहरे बघायचे, कुणी दार उघडून "या, बसा" म्हणेल, या विचारानेच मला झोप येईनाशी झाली होती. ती फेरी मला हवी होती. इथे आल्यापासून दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

"गाडी आहे तुझ्याकडे?" मालकिणीने विचारलं.

"घेणारच आहे," मी म्हटलं.

"घे, आणि ये."

मी घरी गेले आणि बेरीज करायला बसले. धाकटी तोवर रविवारच्या रविवार क्लासला जात होती. ते मला माहीत होतं, तिने लपवलं नव्हतं. जाऊ दे, नापास झाली की येईल ताळ्यावर, असं मला वाटत होतं. ती पहिल्या फटक्यात पास झाली. मग एका संध्याकाळी जेवताना ह्यांच्या देखत तिने कागद पुढे केला. नवीन आलेल्या माणसाला हप्त्यावर गाडी हवी असेल तर जुन्या माणसाची जामीन म्हणून सही लागते.

"ताई, तू करशील ना सही?"

ह्यांच्यासमोर नाही कशी म्हणणार? शिवाय माझी मनात खात्री होती की हिला येऊन जुम्मा जुम्मा आठ दिवस झालेत, बँक हिला दारात उभी करणार नाही. म्हणून मी मोठ्या मनाने सही केली. बँकेने तिला दारात उभी केली, खुर्ची दिली आणि कर्जही दिलं. वर मला फोन करून समजावलं की हे फिटेपर्यंत तुम्हाला तुमच्या नावावर असं दुसरं कर्ज मिळायचं नाही. म्हणजे माझ्या सहीने तिची स्कूटर आली आणि माझी गेली. आता मला ताप येईल नाही तर काय होईल?

आणि घेतली कुठली, तर तीच पांढरी. तोच विक्रेता. त्याने म्हणे तिला विचारलं, तुमची ताई आली नाही का?

दुसऱ्या आठवड्यात फेरी धाकटीला मिळाली. काजं-बटणं करणारी पोरगी गळ्यात टेप अडकवून बाहेर पडली आणि मी तळघरात राहिले. झरोक्यातून मला आता बुटांबरोबर एक पांढरं चाकही दिसायला लागलं. सकाळी यायचं, जायचं, दुपारी यायचं. मी मान वर करायची नाही असं ठरवायचे आणि प्रत्येक वेळी करायचे.

मी तिच्याशी बोलणं टाकलं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, पण भांडायला कारण काय सांगणार? तू का पास झालीस? म्हणून नुसताच अबोला. घरात ह्यांच्यामार्फत कारभार चालायचा. "तुमच्या मेव्हणीला सांगा, दूध संपलंय." मेव्हणी हातभर अंतरावर बसलेली. हे सांगायचे, "दूध संपलंय." ती म्हणायची, "आणलंय, सांगा." शेवटी हे वैतागून म्हणाले, "मला या कामाचा पगार कोण देणार ते ठरवा आधी."

धाकटीने मात्र हट्ट सोडला नाही. रोज सकाळी मी पायी निघाले की थोड्या वेळाने मागून स्कूटर यायची, माझ्या बाजूने हळूहळू चालायची.

"ताई, बस ना मागे. एकाच ठिकाणी तर जायचंय."

मी रस्त्याकडे बघून बोलायचे, कारण रस्त्याशी माझा अबोला नव्हता. "चालणं तब्येतीला चांगलं असतं. डॉक्टरांनी सांगितलंय."

"कुठल्या डॉक्टरांनी?"

मी पावलं भरभर उचलायचे. स्कूटरला पुढे एक हूक होता आणि त्याला पहिल्या दिवसापासून एक जास्तीचं हेल्मेट लटकत असायचं. निळं, नवं कोरं. माझ्या डोळ्यात तेही खुपायचं. एक डोकं आणि दोन हेल्मेटं, मिरवायचं म्हणजे किती मिरवायचं? कुणी मित्रबित्र असेल, असंही मनात यायचं, आणि मग आणखीच तिळपापड व्हायचा, की बाईसाहेबांना तेवढीही उसंत मिळाली.

आईचा फोन यायचा, ते जखमेवर वेगळं मीठ. "धाकटीने फोटो पाठवला गाडीचा. किती शोभून दिसते गं. तुझं कसं चाललंय?"

"चालतेय," मी म्हटलं. रोज जाता-येता चालतच होते.

आता कामातली गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माप घेताना आमची आई टेपच्या आत दोन बोटं घालते. छातीचं माप असो, कंबरेचं असो, टेप आणि अंग यांच्यामध्ये तिची दोन बोटं असणारच. म्हणजे अंगाला लागणारा सैलपणा मापातच येतो. आम्ही दोघी तिच्या हाताखाली शिकलो, त्यामुळे आमचीही बोटं आपोआप आत जायची. पण इथल्या दुकानाची पद्धत उलटी. टेप अंगाला घट्ट लावायचा, अंगाचं माप जसंच्या तसं लिहायचं, आणि सैलपणा किती सोडायचा ते कापड बेतणाऱ्याने ठरवायचं. मला ही पद्धत अंगवळणी पडायला बरेच दिवस लागले होते. धाकटीला कुणी सांगितलीच नव्हती, कारण काजं-बटणं करताना टेप लागतोच कशाला? सांगायचं काम माझं होतं. पण माझा अबोला होता.

पहिल्याच दिवशी तिने आणलेल्या चिठ्ठ्या बघून मी ओळखलं. एक बारीक चणीच्या वकिलीणबाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक, त्यांचं माप मला पाठ. धाकटीच्या चिठ्ठीवर त्या दोन बोटं फुगल्या होत्या. आईची बोटं, इतक्या लांब येऊन पोचलेली. हे असंच बेतलं आणि वर दुकानाच्या पद्धतीने मी सैलपणा सोडला तर बाईंच्या अंगावर कोट पोत्यासारखा लोंबला असता आणि धाकटीची फेरी त्याच दिवशी संपली असती. माझ्या मनात ते आलं. खोटं कशाला बोलू, अगदी खडू हातात धरून आलं.

पण कापड वाया घालवणं माझ्याच्याने होत नाही. मी दोन बोटं वजा केली आणि बेतलं. कोट चपखल बसला. मालकिणीने धाकटीची पाठ थोपटली. मी खाली उभी राहून ते ऐकलं.

त्यानंतर रोज तेच. ती चिठ्ठी टेबलावर ठेवायची, काही न बोलता निघून जायची. मी दोन बोटं वजा करायचे. आणि त्यातच मला एक वेगळं सुख मिळायला लागलं. जा, फिर हवी तितकी. तुझी फेरी माझ्या खडूवर चाललीय, आणि तुला पत्तासुद्धा नाही. रस्त्यात ती बाजूने "ताई, बस ना" म्हणायला लागली की मी मनातल्या मनात ही वजाबाकी करायचे आणि मला बरं वाटायचं.

मग हॉटेलचं काम आलं. स्टेशनासमोरच्या मोठ्या हॉटेलात रिसेप्शनवर जितकी माणसं, तितके कोट, गडद राखाडी. घाईचं काम, त्यामुळे मध्ये एकदा घालून बघायला कुणी येणार नव्हतं. धाकटी मापं घेऊन आली, मी नेहमीसारखी बोटं वजा केली, बेतलं, मशिनवर गेलं, इस्त्री होऊन पोचतंही झालं.

दुसऱ्या दिवशी सगळे कोट परत आले. मालकिणीने आम्हाला दोघींना वर बोलावलं. तिथे हॉटेलचा एक उंच पोरगा आरशासमोर उभा होता आणि त्याच्या कोटाचं बटण काजापर्यंत पोचत नव्हतं. तो बिचारा श्वास रोखून मालकिणीला मदत करायला बघत होता.

"सगळे असेच आहेत," मालकीण म्हणाली. ती धाकटीकडे बघत होती. "कसली मापं घेतलीस?"

मला पहिल्यांदा जे झालं ते सांगते. मला आनंद झाला. अंगभर, अगदी पायाच्या बोटांपर्यंत. शेवटी पडली तोंडावर, असं वाटलं. आणि तो आनंद पुरता व्हायच्या आत डोक्यात गणित उभं राहिलं. कोट तंग झालाय. तिची बोटं आत असती तर तंग झाला नसता. तंग झाला, म्हणजे या वेळी बोटं आत नव्हतीच. तिने टेप घट्ट लावला होता, दुकानाच्या पद्धतीने, बरोबर. आणि नसलेली बोटं मी वजा केली होती.

मी धाकटीकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. तिलाही कळलं होतं, तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. आईने दोघींना एकाच टेबलावर शिकवलंय, मला कळतं ते तिला कळतंच.

"माझंच चुकलं असेल," धाकटी म्हणाली. "घाईत होते."

मालकिणीने पुढे काही विचारलं नाही. बेतण्यात माझी चूक होऊ शकते हे तिच्या डोक्यात आलंसुद्धा नाही, इतक्या वर्षांत ती कधी झालीच नव्हती. ती माझ्याकडे वळली. "उद्यापासून फेरीला तू जा. हिला परत खाली बसव. लायसन्स होईपर्यंत बसने जा, खर्च मी देते. मग बहिणीची गाडी वापर, तुमच्या घरातलीच तर आहे."

धाकटीने खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. ती काही रडली वगैरे नाही. किल्लीला आईने शिवलेल्या चिंध्यांचा एक छोटा गोंडा होता, तो मी पहिल्यांदाच जवळून बघत होते. किल्ली गरम होती. तिने ती बराच वेळ मुठीत धरलेली असणार.

फेरी माझी. गाडी माझी. हप्ते तिचे. इतक्या स्वस्तात स्कूटर मला कुठल्याच वर्षीच्या बेरजेत पडली नव्हती. फक्त तोंड बंद ठेवायचं होतं, आणि गप्प बसायची तर मला चांगली सवय झालेली होती.

"माप बरोबर होतं," मी म्हटलं.

मालकिणीला वाटलं तिने नीट ऐकलं नाही.

"माप बरोबर आहे तिचं. मी बेतताना कमी केलं. पाहिजे तर टेप लावून बघा याला."

तिने पोराला टेप लावला, चिठ्ठी बघितली आणि चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. का कमी केलंस, असं विचारलं. मी आईची बोटं तिला समजावून सांगायला लागले, रोज कशी वजा करत होते तेही सांगितलं, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की यातला एक शब्दही मी धाकटीला कधी बोलले नव्हते. मालकिणीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली की शिवणीत माया भरपूर आहे, कोट उसवून सैल करता येतील, ते काम मी माझ्या सुट्टीच्या वेळात करायचं, आणि फेरी आहे तशी धाकटीकडे राहील. "आणि दोघी घरी एकमेकींशी बोलत जा जरा," ती म्हणाली. "मला परवडत नाही हे."

तळघरात मी उसवायला बसले. थोड्या वेळाने धाकटी समोर येऊन बसली आणि एक कोट ओढून घेतला.

"टेप आवळून धरायला तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं. इतक्या दिवसांनी तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य, आणि तेही चिडूनच निघालं.

"कुणी नाही. हॉटेलची मापं घ्यायच्या आदल्या दिवशी चिठ्ठी ठेवायला आले तर तू कापडावर खडूने खुणा करत होतीस. बघितलं, प्रत्येक रेघ आत घेतेस. मग कळलं, माझी बोटं काढतेस रोज. म्हटलं, ताईला कशाला ताप. आपणच काढावीत."

"मग तसं बोलायचं नाही का?"

"कुणाशी?" ती म्हणाली.

एक टाका निघत नव्हता, तो मी काढत बसले.

संध्याकाळी निघालो. मी सवयीने पायी रस्त्याला लागले, तर किल्ली अजून माझ्याच खिशात होती. परत फिरले. धाकटी स्कूटरला टेकून उभी होती. मी किल्ली दिली. तिने ती लावली आणि पुढच्या हुकावरचं निळं हेल्मेट काढून माझ्यापुढे धरलं.

"बस मागे."

"हे दुसऱ्या कुणाचं तरी असेल."

"घालून तर बघ."

मी घातलं. माझं डोकं मोठं, केस दाट, तिकडे कुठलीच टोपी मला धड बसायची नाही, म्हणून आई चिडवायची. हे हेल्मेट नेमकं बसलं. कुठे एक बोटही आत गेलं नसतं.

"माझ्या डोक्याचं माप कधी घेतलंस?"

"गाडी घ्यायच्या आदल्या दिवशी. दुपारी झोपली होतीस तेव्हा."

मी मागे बसले. कुठे धरायचं ते कळेना, शेवटी तिच्या जाकिटाला धरलं. हेवा गेला होता असं कुणी समजू नये. ती हँडल धरून पुढे बसली होती आणि मी मागे, आणि ते मला अजूनही टोचत होतं.

"बसलीस नीट?" तिने मान न वळवता विचारलं.

मी हो म्हटलं, तेव्हाच तिने गाडी हलवली. पहिल्या सिग्नलपर्यंत मी तिच्या ब्रेक दाबण्यात दोन चुका काढल्या. मग सिग्नल लाल झाला आणि आम्ही थांबलो, तशी मला माझी दरवर्षीची बेरीज आठवली. क्लास, विमा, नंबरप्लेट, जागेचं भाडं, एक रेनकोट, एक हेल्मेट. इतकी वर्षं, इतक्या वेळा मांडली, आणि प्रत्येक वेळी एकच हेल्मेट धरलं होतं.